स्वावलंबनाचे सामुदायिक प्रयोग

मोकळ्या रानात हाताशी असेल तेवढ्याच साधनांवर निवारा उभारणे, विस्तव पेटवणे, पाणी शुद्ध करणे, अन्न मिळवणे आणि वाट न चुकता परतणे या पाच विद्यांना एकत्रितपणे वनकौशल्य असे म्हणतात. आणि ज्यांच्या घरी छप्पर, गॅस, नळ, किराणा आणि रिक्षा या पाचही सोयी आहेत अशा माणसांनी त्या विद्या शुल्क भरून सात दिवसांत आत्मसात करण्याच्या उपक्रमास वनकौशल्य शिबिर असे म्हणतात. या व्याख्येच्या दोन भागांत दिसणारे अंतर हाच या उपक्रमाचा आर्थिक पाया आहे, कारण ज्याला खरोखर रानात राहावे लागते तो शिबिराला येत नाही, आणि जो शिबिराला येतो त्याच्यावर रानात राहण्याची वेळ त्याने स्वतः पैसे भरल्याखेरीज सहसा येत नाही.

अशा शिबिरांसाठी कोल्हापूर हे सोयीचे ठिकाण आहे. शहराच्या पश्चिमेला तास-दोन तासांच्या अंतरावर सह्याद्रीची मुख्य रांग लागते आणि राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, आंबा, विशाळगड असा दाट रानाचा पट्टा सुरू होतो. त्यांपैकी दाजीपूरच्या जंगलाला १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला, पुढे ते राधानगरी अभयारण्य या नावाने सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत विस्तारले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत त्याचाही समावेश झाला. तथापि सामान्य कोल्हापूरकराचे रानाशी असलेले परंपरागत नाते वारशापेक्षा रश्श्याचे आहे. रविवारी चार मित्र, एक पातेले, दोन किलो मटण आणि ओढ्याकाठची सावली एवढे जमले की त्याच्या दृष्टीने निसर्गसान्निध्य पूर्ण होते, आणि त्या पातेल्याभोवती कोणी झाडावरच्या पक्ष्याचे नाव विचारल्यास ‘कशाला, शिजवायचाय काय?’ असा प्रतिप्रश्न येतो. अशा समाजातील डझनभर माणसांना सात दिवस बिनरश्श्याने रानात ठेवण्याचा प्रयत्न म्हणूनच अभ्यासास पात्र ठरतो.

आठवडाभराच्या शिबिराची कल्पना तशी जुनी आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांना आठवडाभर तंबूत ठेवून माग काढणे, विस्तव पेटवणे आणि गाठी मारणे शिकवले, आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. कोल्हापूर संस्थानात हे ज्ञान त्याही आधीपासून विनामूल्य उपलब्ध होते. अडचण एवढीच होती की ते ज्यांच्यापाशी होते त्या फासेपारधी समाजाला ब्रिटिश अमदानीतील गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मतःच संशयित ठरवले होते. ठशावरून जनावर ओळखणारा, फासा लावून तितर धरणारा आणि भिंतींवाचून संसार करणारा माणूस सरकारला धोक्याचा वाटे, आणि म्हणून त्याला रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली ही हजेरीची पद्धत बंद केली आणि पारध्यांना नोकऱ्या दिल्या. आज त्याच विद्येसाठी पहाटे शिट्टी वाजवून निवृत्त बँक अधिकाऱ्यांची हजेरी घेतली जाते, आणि ते ती आगाऊ शुल्क भरून देतात.

शिबिराची जागा निवडताना कायद्याचा विचार करावा लागतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, फांदी तोडता येत नाही आणि विस्तवाचे तर नावही काढता येत नाही. त्यामुळे रानात जगण्याचे शिक्षण रानात देता येत नाही. त्यावर तोडगा म्हणून अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कोणाच्या तरी सातबारावरच्या काजूच्या बागेला लागून शिबिर भरते. निवाऱ्यासाठी लागणारी मेस, म्हणजे या भागातला चिवट जातीचा बांबू, बुरुडाकडून विकत आणली जाते. जळण कोल्हापूरच्या टिंबर मार्केटातून टेम्पोने येते. आणि निवाऱ्यावर पसरायचा पालापाचोळा शेजारच्या शेतकऱ्याकडून पोत्याच्या हिशेबाने घेतला जातो. निसर्गाकडून आवश्यक तेवढेच घ्यावे, हे शिबिराचे पहिले तत्त्व या व्यवस्थेत आपोआप पाळले जाते, कारण निसर्गाकडून काहीच घेतलेले नसते आणि प्रत्येक काटकीची पावती फाडलेली असते.

‘न्यूनतम साहित्य’ ही संज्ञा या शास्त्रात मध्यवर्ती मानली जाते. माणसाने रानात जाताना एक चाकू, एक दोरी, एक ताडपत्री, एक धातूचा पेला आणि एक शिट्टी एवढ्यावर भागवावे, कारण उरलेले ज्ञान डोक्यातून नेता येते आणि त्याला वजन नसते, असा तिचा अर्थ आहे. आयोजक ही पाच वस्तूंची यादी महिनाभर आधी पाठवतात. ती घेऊन शिबिरार्थी दुकानात जातो, आणि प्रत्येक वस्तूसोबत लागणारी दुसरी वस्तू दुकानदार त्याच्या लक्षात आणून देतो: चाकूला म्यान, म्यानाला पट्टा, चाकूला धार लावायला दगड, दगड ठेवायला पिशवी, आणि ताडपत्री खराब होऊ नये म्हणून तिच्याखाली अंथरायला दुसरी ताडपत्री. त्यात घरच्या मंडळींची भर पडते. कांदा-लसूण चटणीची बरणी ‘अडचणीला असू दे’ म्हणून, भडंगाचा डबा ‘चारचौघांत वाटून खायला’ म्हणून आणि लोकरीची कानटोपी ‘बाहेरचं वारं वाईट’ म्हणून आत शिरते. परिणामी कमीत कमी साहित्यात जगायला निघालेल्या माणसाचे ओझे उचलायला दुसरा माणूस लागतो, आणि स्वावलंबनाच्या पहिल्याच पायरीवर परावलंबन सिद्ध होते. एका शिबिरार्थीच्या सामानातून घडीची खाट निघाली, तेव्हा प्रशिक्षकाने संयम राखून चौकशी केली.

‘हे कशासाठी आणलंत?’

‘जमिनीवर झोपायची सवय न्हाई, साहेब.’

‘पण पाल्याच्या अंथरुणावर झोपायचं शिकायलाच आलात ना?’

‘शिकतो की! पण शिकून दमल्यावर झोपायचं कशावर?’

शिबिरार्थींचे ढोबळमानाने चार वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग दर्शनपंडितांचा: या वर्गातील माणसाने परदेशी वाहिन्यांवरील जंगलात अडकलेल्या वीरांचे सारे कार्यक्रम सोफ्यावर पडून पाहिलेले असतात, आणि त्यामुळे वाळवंटात उंटाच्या पोटात कसे शिरावे हे त्याला ठाऊक असते, फक्त उंट आणि वाळवंट या दोन्ही गोष्टी दाजीपूर परिसरात दुर्मिळ असल्याने त्याच्या ज्ञानाला वाव मिळत नाही. दुसरा वर्ग निवृत्तांचा असून आयुष्यभर नियमावलीत वावरल्यामुळे तो प्रत्येक कृतीचा लेखी आधार मागतो. तिसरा वर्ग पालकांनी पाठवलेल्या तरुणांचा. त्यांना येथे ‘मोबाईल सुटावा’ म्हणून आणलेले असते आणि सातव्या दिवसापर्यंत टेकडीवरच्या कोणत्या दगडावर कोणत्या पायाने उभे राहिल्यास रेंज मिळते याचे सूक्ष्म भौगोलिक ज्ञान त्यांना प्राप्त होते. चौथा वर्ग तालमीत घुमलेल्या मंडळींचा असून कोणतेही काम जोर लावल्याने होते, आणि होत नसेल तर जोर कमी पडला आहे, असा त्याचा साधा सिद्धान्त असतो. प्रशिक्षक बहुधा पुण्याचा असतो. त्याला सूचना देण्याची सवय असते, आणि कोल्हापूरकराला प्रत्येक सूचनेवर अधिक सोपी युक्ती सुचवण्याची. सरावासाठी सर्वांचे दोन गट पाडताच एक गट आपोआप शिवाजी पेठेचा आणि दुसरा मंगळवार पेठेचा होतो, आणि त्यानंतर निवारा पाऊस अडवतो की नाही या प्रश्नापेक्षा तो समोरच्या निवाऱ्याहून हातभर उंच आहे की नाही हा प्रश्न निकडीचा ठरतो.

निवाऱ्याच्या पाठात गाठींना प्रथम स्थान असते. दोन झाडांमध्ये कण्याची दोरी ताणायची, तिच्यावरून ताडपत्री टाकायची आणि चारही कोपरे खुंट्यांना अशा गाठीने बांधायचे की वाऱ्याने ती सुटू नये, पण माणसाला मात्र एका ओढीत सोडवता यावी, असे या विद्येचे सूत्र आहे. नवशिक्याच्या हातून घडणाऱ्या गाठी दोन प्रकारच्या असतात: ज्या बांधताच सुटतात त्या, आणि ज्या शेवटी चाकूने कापाव्या लागतात त्या. प्रशिक्षकाने ताण देऊन ओझे आवळण्याची एक परदेशी नावाची गाठ फळ्यावर आकृती काढून समजावण्यास प्रारंभ केला, तेव्हा मागच्या रांगेतील एका शेतकऱ्याने ती बोलता बोलता बांधून दाखवली. उसाची ट्रॉली कारखान्यापर्यंत न सांडता न्यायची तर हीच गाठ मारावी लागते, आणि हंगामात ती झोपेतही मारली जाते, असे त्याचे म्हणणे पडले. तिचे नाव काय, असे प्रशिक्षकाने वही काढून विचारले असता ‘गाठच म्हणायची. नाव कशाला ठिवायचं?’ एवढाच खुलासा मिळाला.

शिबिरे बहुधा मे महिन्याच्या अखेरीस भरतात, कारण शाळांना सुट्टी असते आणि पावसाळा सुरू झालेला नसतो. पंचांग, हवामानखाते आणि आयोजक या तिघांचेही यावर एकमत असले तरी वळवाचा पाऊस, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर गडगडाटासह येणारी अवकाळी सर, या तिघांनाही बांधील नसतो. निवारे उभे राहून त्यांचे छायाचित्रण चालू असतानाच अशी सर आली, आणि दोन्ही पेठांचे निवारे निःपक्षपातीपणे खाली आले. अशा प्रसंगी नाली खणून पाणी वळवावे, असे पाठ्यक्रमात सांगितलेले असते. कोल्हापूरकराची प्रतिक्रिया मात्र अनुभवाने घडलेली असते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे त्याला पाढ्यांइतके पाठ असल्याने चिखलात बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्याने कपाळावरचे पाणी निपटत पहिला प्रश्न केला तो असा: ‘बंधाऱ्याला किती फूट झालं असंल हो?’ त्याच वेळी वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातला एक म्हातारा खांद्यावरच्या घोंगडीची खोळ करून, म्हणजे तिचे एक टोक आत दुमडून ती डोक्यावरून टोपरासारखी घेऊन, शेळ्यांमागे शांतपणे चालत गेला. त्याच्या निवाऱ्याला दोरी नव्हती, खुंटी नव्हती आणि कोणाचे मार्गदर्शनही नव्हते. शिबिरार्थींनी त्याचे छायाचित्र घेतले.

अग्निप्रज्वलनाचा पाठ हा शिबिराचा गाभा होय. घर्षणाने अग्नी काढण्याची विद्या आपल्याकडे वैदिक काळापासून ज्ञात आहे: शमी आणि अश्वत्थ यांच्या लाकडाच्या अरणी घेऊन, खालच्या फळीतल्या खळग्यात उभा दांडा दोरीने घुसळून यज्ञासाठी अग्नी सिद्ध करीत, आणि या क्रियेला अग्निमंथन असे नाव आहे. शिबिरात हेच काम लहान धनुष्याच्या दोरीला दांड्याचा वेढा देऊन करतात. दांडा वेगाने फिरला की फळीतून काळा भुसा पडू लागतो, तो साचून तापतो, त्यात ठिणगी धरते, आणि मग ती वाळल्या काथ्यात अलगद गुंडाळून फुंकर घातली की ज्वाळा निघते. यासाठी लाकूड हलके, मऊ आणि खडखडीत वाळलेले असावे लागते; आदल्या दिवशीच्या वळवाने या तीन गुणांपैकी तिसऱ्याची अडचण झालेली होती.

तालमीच्या वर्गाने हे आव्हान स्वीकारले. चार जणांनी पाळीपाळीने एवढा जोर लावला की दोन धनुष्ये मोडली, एक दांडा उडून दर्शनपंडिताच्या चष्म्याला लागला आणि फळीतून भरघोस धूर येऊ लागला. धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे डोंगराचे उदाहरण देऊन नैयायिकांनी शतकानुशतके शिकवले आहे. परंतु त्या दुपारी डोंगर होता, धूर होता, डोळ्यांत पाणी होते, आणि अग्नी मात्र नव्हता, यावरून भारतीय तर्कशास्त्रातील हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोरड्या हवेपुरतेच खरे असावे, असे मानण्यास जागा आहे. त्यानंतर फेरोसेरियमची कांडी वापरण्यात आली. लोखंड आणि सेरियम यांच्या मिश्रधातूची ही कांडी पोलादावर ओढली असता सुमारे तीन हजार अंश सेल्सिअस तापमानाची ठिणगी पडते, असे तिच्या वेष्टनावर लिहिलेले असते, आणि ते खरेही असावे, कारण गवतावर पडून विझलेल्या त्या ठिणग्यांनी एका शिबिरार्थीच्या नव्या पँटला मात्र क्षणात भोके पाडली. संध्याकाळ झाली तेव्हा साऱ्या परिसरात जो काही उजेड होता तो काजव्यांचा होता. त्यांच्यासाठी राधानगरी परिसरात मेच्या अखेरीस मुद्दाम पर्यटक येतात, पण काजव्यावर चहा होत नाही.

हा सारा प्रयोग बांधावर बसून पाहणाऱ्या धनगरवाड्यातील आजींनी अखेर तोंड उघडले.

‘घरात काय वाद झाला काय रं पोरांनो? सकाळधरनं बगालोय, च्या बी न्हाई, जेवान बी न्हाई.’

‘न्हाई आजी, आम्ही विस्तव करायला शिकालोय.’

‘इस्तू? त्यो करायचा कशाला? मागायचा!’

असे म्हणून त्या उठल्या आणि थोड्या वेळाने चुलीतली एक धुमसती गोवरी पत्र्याच्या तुकड्यावर घेऊन आल्या. काड्यापेटी महाग होती त्या काळात विस्तव रोज नव्याने पेटवण्याची खटपट कोणी करीत नसे. रात्री तो राखेखाली झाकून ठेवायचा, सकाळी उकरायचा, आणि विझलाच तर शेजारच्या चुलीवरून मागून आणायचा, अशी रीत होती. म्हणजेच अग्निसिद्धीचे सर्वांत खात्रीचे साधन अरणी, चकमक किंवा कांडी हे नसून शेजारीण हे होय. पाठ्यक्रमात या साधनाचा उल्लेख नसल्यामुळे प्रशिक्षकाने तो दिवस ‘प्रात्यक्षिक अपूर्ण’ असा नोंदवला, आणि नोंद पूर्ण होईपर्यंत चहा झाला.

पाण्याचा पाठ त्या मानाने लवकर आटोपतो. फडके, वाळू आणि कोळशाचे थर बाटलीत भरून तीतून ओढ्याचे पाणी गाळायचे आणि मग ते खळखळून उकळायचे, कारण गाळण्याने गढूळपणा जातो, जंतू जात नाहीत. एका पेल्याएवढे पाणी गळून येण्यास जो वेळ लागतो त्यात ते करणाऱ्याला दोन पेल्यांची तहान लागते, हे या यंत्रणेचे वैगुण्य आहे. ते भरून काढण्यासाठी धनगरवाड्यातील आजींचा नातू रोज वरच्या झऱ्यावरून दोन घागरी आणून ठेवीत असे, आणि शिबिरार्थी त्या पाण्याने गाळणी धुवत असत.

अन्नप्राप्तीच्या पाठात प्रथम करवंदे आणि जांभळे येतात. त्यांची ओळख शिबिरार्थींना बाजारातील पाटीमुळे आधीच असते, आणि त्यामुळे आत्मविश्वास वाढून ते अनोळखी कंदांकडे वळतात. रानातला कंद न ओळखता खाल्ला की घशाला असह्य खाज सुटते, कारण अनेक कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ही माहिती प्रशिक्षक देत असतानाच दर्शनपंडिताने हातातला तुकडा चाखून तिचा पडताळा घेतला, आणि पुढचा अर्धा दिवस तो प्रथमच गप्प राहिल्याने सर्वांना लाभ झाला. पिठाचा गोळा काठीभोवती गुंडाळून विस्तवावर भाजण्याचा पाश्चात्त्य प्रकार त्यानंतर शिकवला जातो. त्यातून बाहेर कोळसा, आत कच्चे पीठ आणि मध्ये काठी असा त्रिस्तरीय पदार्थ तयार होतो. त्याला लावायला कांदा-लसूण चटणीची बरणी बाहेर आली, आणि न्यूनतम साहित्याच्या यादीत तिचा समावेश का नाही, असा रास्त प्रश्न उपस्थित झाला.

चौथ्या दिवशी या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. रेंजचा दगड माहीत असलेल्या तरुणाकरवी राधानगरीच्या बाजारात निरोप गेला, मोटारसायकलवरून पिशवी आली, आणि ज्या मंडळींना दोन दिवस ठिणगी धरता आली नव्हती त्यांनी तीन दगड मांडून, नारळाच्या करवंट्या रचून, चहा उकळेल एवढ्या वेळात चूल धडाडून पेटवली. पांढऱ्या रश्श्याला नारळाचे दूध कोण काढणार, तांबड्याला तवंग किती हवा आणि मटण धुऊन घ्यायचे की न धुता, यावर तीन समित्या आपोआप स्थापन झाल्या. प्रशिक्षकाने हे नियमात बसत नसल्याचे सांगून पाहिले. परंतु पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी पाहुण्याला द्यायची प्रथा असल्याने ती त्यालाच मिळाली, आणि दुसरी मागताना नियमाचा विषय त्याच्याही स्मरणातून गेला होता.

दिशाज्ञानाच्या पाठाचा आधार म्हणजे ध्रुव. क्षितिजापासून ध्रुवाची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, हा नियम फार उपयुक्त असला तरी त्यामुळे कोल्हापूर परिसरात ध्रुव जेमतेम साडेसोळा अंशांवर दिसतो. म्हणजे उत्तरेला एखादी टेकडी, झाड किंवा ढग असला की अढळपद तसेच राहते आणि तारा दिसेनासा होतो. म्हणून दिवसा नकाशा आणि होकायंत्र देऊन गटांना रवाना करतात. कोल्हापुरात पत्ता सांगण्याची रीत चौक, तालीम आणि बंद पडलेले दुकान यांवर चालत असल्यामुळे अंशांची भाषा गटांच्या पचनी पडली नाही. शिवाजी पेठेचा गट नकाशानुसार टेकडीमागच्या निशाणाकडे जायला निघाला आणि दोन तासांनी दाजीपूर-फोंडा रस्त्यावरच्या वडापावच्या गाड्यावर पोहोचला. तेथे मंगळवार पेठेचा गट आधीच बसलेला होता. होकायंत्राकडे न पाहता, वेगवेगळ्या बाजूंनी निघून आणि परस्परांशी संपर्क नसताना दोन्ही गट एकाच बिंदूवर पोहोचावेत, यावरून कोल्हापूरकराच्या ठायी एक उपजत चुंबकशक्ती असते आणि तिची उत्तर दिशा तळणाची कढई ही असते, असा निष्कर्ष निघतो.

वन्यप्राण्यांचा पाठ बव्हंशी शाब्दिक राहतो. गवा हा जगातील सर्वांत मोठा रानगोवंशीय प्राणी असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन टनाच्या घरात जाते. तो समोर आल्यास पळू नये, डिवचू नये, त्याला वाट मोकळी ठेवावी, असे शिकवतात. सात दिवस शेणाचे पो आणि खुरांचे ठसे यांवर समाधान मानावे लागले, कारण गवा दिसला नाही. अलीकडच्या काळात गवे पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येऊ लागल्याने गवे शहराकडे आणि शहरी माणसे रानाकडे अशी अदलाबदल झाली असून वाटेत दोघांची चुकामूक होत असावी.

सहाव्या रात्री ‘एकल निवास’ ही अंतिम परीक्षा असते. प्रत्येकाने इतरांपासून हाकेच्या अंतराबाहेर, स्वतः बांधलेल्या निवाऱ्यात, एकट्याने, न बोलता रात्र काढायची आणि अंतर्मुख व्हायचे, असे तिचे स्वरूप आहे. संकट आल्यास तीन शिट्ट्या वाजवायच्या, हा एकमेव अपवाद. रात्री दहाच्या सुमारास ओढ्याच्या बाजूने तीन शिट्ट्या आल्या. विजेऱ्या, काठ्या आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन सारे धावले, तेव्हा निवृत्त अधिकारी तळहातावर निपाणीची तंबाखू घेऊन निवाऱ्याच्या तोंडाशी बसलेले होते.

‘काय झालं, साहेब? साप?’

‘न्हाई ओ. चुना हाय काय कुणाकडं?’

चुना शेतकऱ्याकडे होता. तो देता-घेता खाली बसणे झाले, बसल्यावर भडंगाचा डबा निघाला, डब्याभोवती पेठांमधील फुटबॉलचे जुने सामने निघाले, आणि त्यातील एका गोलावरून वाद पेटल्यामुळे उठणे अशक्य झाले. मध्यरात्री पाहणीसाठी निघालेल्या प्रशिक्षकाला सर्व निवारे रिकामे आणि घडीच्या खाटेवर चौघे बसलेले आढळले. ‘एकांताचा अनुभव घेतलात का?’ असे त्याने विचारले असता ‘घेतला की, सगळ्यांनी मिळून घेतला,’ असे उत्तर आले, आणि त्याच्यासाठी जागा करण्यात आली.

समारोपाला प्रमाणपत्रे वाटतात. जाड, सोनेरी कडेच्या कागदावर धारक रानात कोणाच्याही साहाय्याविना जगण्यास सक्षम असल्याचे छापलेले असते, आणि प्रत्येकाने ते शेजाऱ्याच्या मोबाईलवर स्वतःचा फोटो काढून घेत स्वीकारले. घागरी आणणारा, चूल सारवणारा, भरकटलेल्यांना वड्याच्या गाड्यावरून परत आणणारा आजींचा नातू खुर्च्यांच्या घड्या घालता घालता हे पाहत होता. त्याने प्रशिक्षकाला हळूच विचारले.

‘सर, ह्यो कागुद मला मिळंल काय? वाटाड्याच्या नोकरीला मागालेत.’

‘मिळेल ना. फक्त शिबिर पूर्ण करावं लागेल, सात दिवसांचं.’

‘आन् फी?’

प्रशिक्षकाने आकडा सांगितला. मुलाने तो मनाशी एकदा घोळवला.

‘येवढ्यात दोन शेळ्या येत्यात की, सर!’

या एका वाक्याने सभेचा नूर पालटला. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून ज्या शहरात नागरिकांची कृती समिती स्थापन होऊन आंदोलन पेटले होते, त्या शहराच्या नागरिकांसमोर शेळीच्या किमतीचा उल्लेख बेसावधपणे करायचा नसतो. दोन कशा येतील, एकच येईल. ती गाभण की भाकड. जिवंत वजनाला निव्वळ मटण किती पडते. आणि मुंडी-पाया धरून हिशेब करायचा की सोडून, अशा प्रश्नांनी मांडव दणाणला. निवृत्त अधिकाऱ्याने प्रमाणपत्र उलटे करून त्याच्या कोऱ्या बाजूवर किलोमागचा दर मांडायला घेतला, तालमीच्या वर्गाने त्याची बेरीज चुकवली, दर्शनपंडिताने परदेशातल्या शेळ्यांचा दाखला दिला आणि तो एकमताने फेटाळला गेला. दोन्ही पेठांचे या विषयावर सात दिवसांत प्रथमच एकमत झाले, ते असे की मुलाचा हिशेब बरोबर आहे. त्याला फी माफ करावी असा ठरावही तत्काळ मांडला गेला. फक्त त्यावर मतदान होण्यापूर्वी, मग त्या वाचलेल्या शेळ्यांपैकी एकीचे काय करायचे, हा पोटप्रश्न कोणीतरी उपस्थित केला, आणि कोल्हापूरची गाडी सुटायची वेळ टळून गेली.